विश्लेषण : स्पीकर महागडे, तरी आवाज कर्कश का? रात्री गाद्या वाहणाऱ्या एका प्राध्यापकाने शोधलेले उत्तर

न्हावा शेव्याजवळच्या उलव्यात नवा फ्लॅट घेतला. हॉलमध्ये चकचकीत टाइल्स, पुट्टी मारलेल्या गुळगुळीत भिंती, वर जिप्समचे फॉल्स सीलिंग आणि खाडीकडे उघडणारी मोठी काचेची सरकती खिडकी. हौसेने चांगले स्पीकर आणले. जुन्या घरात जे गाणे ऐकताना अंगावर काटा यायचा, तेच इथे कानाला टोचू लागले. तबल्याची चाट टाचणीसारखी लागते, ‘स’ आणि ‘श’ फिसफिसतात, बातम्यांमधले शब्द एकमेकांत मिसळतात.

अशा वेळी पहिला संशय स्पीकरवर जातो, मग अॅम्प्लिफायरवर, मग वायरवर. एकेक वस्तू बदलली जाते. पैसे जातात आणि कर्कशपणा तिथेच राहतो. प्रस्तुत प्रतिनिधीनेही भाड्याच्या घरात हे सगळे करून पाहिले आहे.

बहुतेक वेळा दोष खोलीचा असतो. खोली आवाजाचे काय करते, हे आकड्यांत मांडणारा पहिला माणूस म्हणजे वॉलेस क्लेमेंट सेबिन. आज जगातल्या कोणत्याही नाट्यगृहाचा, स्टुडिओचा किंवा घरातल्या लिसनिंग रूमचा हिशेब त्यांच्याच सूत्रापासून सुरू होतो. हे सूत्र त्यांना एका नापास सभागृहात, दुसऱ्या सभागृहातून उचलून आणलेल्या गाद्यांच्या ढिगात सापडले. त्यांचे आयुष्य समजून घेतले, तर आपल्या हॉलमध्ये काय करायचे हेही बरेचसे कळते.

आवाज ‘ब्राइट’ होतो म्हणजे नेमके काय?

स्पीकरमधून निघालेला आवाज दोन वाटांनी कानावर येतो. एक वाट सरळ. दुसरी भिंत, जमीन, छत आणि काच यांच्यावर आपटून येणारी. टाइल, काच आणि प्लॅस्टर यांसारखे कडक, गुळगुळीत पृष्ठभाग आवाज गिळत नाहीत, जवळजवळ सगळा परत फेकतात. मग एकच स्वर अनेकदा, क्षणाक्षणाच्या अंतराने कानावर येतो आणि आवाज खोलीत रेंगाळतो. याला आपण घुमारा म्हणू. तंत्रज्ञ त्याच्या कालावधीला रिव्हर्बरेशन टाइम म्हणतात.

यातले वरच्या पट्टीचे स्वर, म्हणजे ट्रेबल, जास्त रेंगाळले की आवाज टोकदार वाटतो. ऑडिओची आवड असलेली मंडळी त्यालाच ब्राइट म्हणतात. जुन्या घरात गालिचा, कापडी सोफा, कपड्यांनी भरलेले उघडे फडताळ, पुस्तके, अंथरुणांच्या वळकट्या असायच्या. या वस्तू कुणाच्याही लक्षात न येता ट्रेबल गिळत होत्या. नव्या घरात त्या नसतात.

कोण होते सेबिन?

सेबिन यांचा जन्म १३ जून १८६८ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या रिचवूड या लहानशा गावी झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८६ मध्ये, त्यांनी ओहायो स्टेट विद्यापीठातून पदवी घेतली. पुढच्या शिक्षणासाठी ते हार्वर्डला गेले, १८८८ मध्ये एम.ए. झाले आणि तिथेच भौतिकशास्त्र शिकवू लागले. पीएचडी त्यांनी कधी केलीच नाही. तरुण वयातले सेबिन उत्तम शिक्षक म्हणून ओळखले जात. ध्वनी हा त्यांचा विषय नव्हता. तो त्यांच्या वाट्याला आला एका इमारतीच्या चुकीमुळे.

फॉग सभागृहात काय बिघडले होते?

१८९५ मध्ये हार्वर्डमध्ये फॉग आर्ट म्युझियम उघडले. त्या काळचे नामांकित वास्तुविशारद रिचर्ड मॉरिस हंट यांनी ते बांधले होते. आत एक मोठे व्याख्यानगृह होते. दिसायला देखणे, पण तिथे व्याख्यान समजत नसे. प्राध्यापकाने उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद हवेत राहायचा. साधारण वेगाने बोलणारा माणूस तेवढ्या वेळात दहा-बारा शब्द पुढे गेलेला असतो. म्हणजे मागच्या दहा शब्दांच्या कल्लोळात अकरावा शब्द ऐकायचा.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी ही कटकट भौतिकशास्त्र विभागाकडे सोपवली. ज्येष्ठांनी अंग काढून घेतल्यावर काम २७ वर्षांच्या सेबिन यांच्याकडे आले. तोवर सभागृहाचा आवाज ही नशिबाची गोष्ट मानली जाई. इमारत बांधून झाल्यावरच तिचा गुण कळायचा. भिंतींवर तारा ताणून घुमारा कमी होतो, अशीही एक समजूत होती आणि त्या तारा अनेक ठिकाणी खरोखर ताणल्या गेल्या होत्या. त्यांचा उपयोग काहीच नव्हता.

सेबिन यांनी मदतीला घेतले ते हार्वर्डमधलेच दुसरे सभागृह, सँडर्स थिएटर. ते आवाजासाठी नावाजलेले होते. दोन्हींत एक फरक उघड होता. सँडर्समध्ये बाकांवर गाद्या होत्या, फॉगमध्ये नव्हत्या.

प्रयोग रात्रीच का करावे लागले?

सेबिन यांची साधने साधी होती. दाबलेल्या हवेवर वाजणारी ऑर्गनची एक नळी, वेळ नोंदवणारे यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती सेकंद गेले ते नोंदवायचे. नळीचा स्वर सेकंदाला ५१२ कंपनांचा होता. तिचा आवाज कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या सुमारे दहा लाख पट तीव्र होता. आजही घुमाऱ्याचा काळ मोजताना हाच दहा लाखांचा, म्हणजे ६० डेसिबलचा, उतार धरतात.

अडचण बाहेरच्या गोंगाटाची होती. दिवसा विद्यार्थी आणि रस्त्यावरच्या ट्राम. विरत जाणारा आवाज शेवटपर्यंत ऐकायचा तर टाचणी पडलेलीही ऐकू येईल अशी शांतता हवी. ती मध्यरात्रीनंतरच मिळायची. त्यामुळे सेबिन सहायकांना घेऊन रात्री सँडर्समधल्या गाद्या उचलत, फॉगमध्ये आणून मांडत, मोजमाप करत आणि सकाळच्या तासांपूर्वी सगळ्या गाद्या परत जागेवर नेऊन ठेवत. दिवसा पुन्हा शिकवायला हजर. हा क्रम एक-दोन आठवडे नव्हे, तर दोन वर्षांहून अधिक काळ सुरू राहिला.

गाद्या वाढल्या, तसा घुमारा घटत गेला. रिकाम्या सभागृहात ५.६ सेकंद असलेला काळ, गाद्या ओळीने धरल्या तर ८ मीटर भरतील एवढ्या आणल्यावर ५.३ झाला. ४४ मीटर गाद्यांना ४.२ आणि १२८ मीटर गाद्यांना ३ सेकंद. सँडर्समधल्या सगळ्याच्या सगळ्या, म्हणजे ४३६ मीटर गाद्या आणून मांडल्या, तेव्हा तो १.१४ सेकंदांवर आला.

हजारो नोंदी का टाकून दिल्या?

याच काळात एक प्रसंग घडला. मोजणीत बारीक, पण न सुटणारा फरक येत होता. नळी तीच, खोली तीच, गाद्याही तेवढ्याच. मग फरक कशाचा? शोध घेता घेता संशयाची सुई सेबिन यांच्या स्वतःच्या अंगावर आली. ते कधी जाड कोट घालून यायचे, कधी हलके कपडे. कपडे आवाज गिळतात आणि त्यांच्या मोजणीची अचूकता आता एका माणसाचे कपडे पकडण्याइतकी वाढली होती.

दुसऱ्या कुणी तळटीप लिहून पुढची वाट धरली असती. सेबिन यांनी तोवरच्या हजारो नोंदी बाद केल्या आणि काम नव्याने सुरू केले. त्यानंतर प्रयोगाच्या रात्री ते ठरलेलाच पोशाख घालत, ऋतू कोणताही असो. त्यांच्या पुढच्या तक्त्यांवर आजही भरवसा ठेवता येतो, तो या निर्णयामुळे.

त्यांच्या यादीत माणूसही एक शोषक वस्तू म्हणून नोंदवला आहे. एकट्या उभ्या पुरुषाचे शोषण ०.४८, स्त्रीचे ०.५४ चौरस मीटर. त्या काळातला बायकांचा घोळदार पोशाख आठवला, की या फरकाचे नवल वाटत नाही.

२९ ऑक्टोबर १८९८ रोजी काय सापडले?

एलियट यांचा धीर सुटत चालला होता. त्यांना सभागृह दुरुस्त करून हवे होते, सेबिन यांना आणखी अचूक आकडे हवे होते. अखेर फॉगच्या भिंतींवर ठरावीक जागी केसांपासून बनवलेले नमद्यासारखे जाड फेल्ट बसवले गेले. सभागृह अप्रतिम झाले नाही, वापरण्याजोगे मात्र झाले.

त्याच सुमारास बोस्टनमध्ये नवे संगीत सभागृह बांधण्याचे घाटत होते. बोस्टन सिम्फनीचे आश्रयदाते हेन्री ली हिगिन्सन यांना त्यात नशिबावर काही सोडायचे नव्हते. एलियट यांनी सेबिन यांचे नाव सुचवले. सेबिन आधी बिचकले. हाती आकडे होते, पण न बांधलेल्या इमारतीबद्दल काही सांगायचे तर नियम हवा होता आणि नियम अजून सापडला नव्हता.

ते कागदांच्या गठ्ठ्यात बसले. २९ ऑक्टोबर १८९८ च्या संध्याकाळी त्यांना दिसले, की एका बाजूला शोषण आणि दुसऱ्या बाजूला काळ मांडला तर रेषा काटकोनी अपास्ताची, म्हणजे हायपरबोलाची येते. दोन्हींचा गुणाकार कायम राहतो. आनंदाच्या भरात त्यांनी ही बातमी सर्वांत आधी घरी असलेल्या आईला दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

सोप्या भाषेत सांगायचे तर घुमाऱ्याचा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि एकूण शोषणाबरोबर घटतो. शोषण दुप्पट केले, की घुमारा निम्मा. आजच्या मेट्रिक मापांत सूत्र असे : काळ = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण.

शोषण मोजायला एकक हवे. सेबिन यांनी त्यासाठी उघडी खिडकी निवडली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचे शोषण पूर्ण, म्हणजे १. तिच्या तुलनेत काच ०.०२७, विटांवरचे प्लॅस्टर ०.०२५, लाकडी फळ्यांचे अस्तर ०.०६१, जाड गालिचा ०.२९. या आकड्यांचा अर्थ असा, की दहा चौरस मीटर गुळगुळीत भिंत आवाज गिळते ती जेमतेम पाव चौरस मीटर उघड्या खिडकीएवढी. पुढे या एककाला सेबिन यांचेच नाव मिळाले.

बोस्टनच्या परीक्षेत काय झाले?

वास्तुविशारद चार्ल्स मॅकिम यांचा मूळ आराखडा ग्रीक नाट्यगृहाच्या धर्तीवर अर्धवर्तुळाकार होता. तो बाजूला पडला आणि बुटांच्या खोक्यासारखा लांबट, अरुंद आकार ठरला. सेबिन यांनी जर्मनीतल्या लायपझिगचे गेवांडहाउस आणि बोस्टनचे जुने म्युझिक हॉल यांची गणिते नव्या आराखड्याशी ताडून पाहिली. १५ ऑक्टोबर १९०० रोजी सिम्फनी हॉल उघडले. बांधण्याआधी शास्त्रीय हिशेब करून उभारलेले हे जगातले पहिले संगीत सभागृह.

स्वागत मात्र संमिश्र झाले. काही समीक्षकांना आवाज आवडला नाही आणि टीकेची झळ सेबिन यांना लागली. आज हेच सभागृह व्हिएन्ना आणि ॲम्स्टरडॅमच्या नामवंत सभागृहांच्या पंक्तीत बसवले जाते. त्याच्या चामड्याच्या आसनांना आणि भिंतींतल्या पुतळ्यांच्या कोनाड्यांनाही त्याचे श्रेय दिले जाते.

सेबिन यांचा हिशेब तंतोतंत बरोबर नव्हता. त्यांचा अंदाज भरलेल्या सभागृहात २.३ सेकंदांचा होता. नंतरच्या मोजण्यांत तो काळ १.९ सेकंदांच्या आसपास भरला. दाटीने बसलेले प्रेक्षक त्यांनी धरले होते त्याहून जास्त आवाज गिळतात, हे पुढच्या पिढीने शोधले. पण चूक किती आणि कुठे, हे सांगता आले तेही त्यांनी मोजायला शिकवले म्हणूनच.

१९०० मध्येच त्यांचा विवाह डॉक्टर असलेल्या जेन डाउन्स केली यांच्याशी झाला. त्यांना दोन मुली झाल्या. १९०६ पासून हार्वर्डच्या उपयोजित विज्ञान शाखेचे डीन म्हणून त्यांच्यावर प्रशासनाचाही भार पडला.

मोठ्या सभागृहाचा घरातल्या खोलीशी संबंध काय?

इथे त्यांचा १९०२ चा प्रयोग कामाला येतो. बोस्टनमधल्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरी या संगीतशाळेत पियानो शिकवण्याच्या खोल्या होत्या. त्यांच्या आवाजाबद्दल तक्रारी होत्या. सेबिन यांनी वेगवेगळ्या आकारांच्या पाच खोल्यांत जाणकार संगीतकारांना बसवले, पियानो वाजवायला लावला आणि गाद्या कमी-जास्त करत राहिले. संगीतकारांनी फक्त एवढेच सांगायचे, की आता आवाज बरा वाटतो की नाही. मोजणी त्यांना न सांगता, नंतर व्हायची.

निकाल चकित करणारा होता. पाचही खोल्यांत कानांनी निवडलेला काळ ०.९५ ते १.१६ सेकंदांच्या आत आला. सरासरी १.०८. ज्याला आपण आवडनिवड म्हणतो, ती इतकी नेमकी निघाली. पियानो प्रत्यक्ष वाजतो, तेव्हा खोलीचा थोडा घुमारा हवाहवासा वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो आधीच भरलेला असतो. त्यामुळे स्पीकरवर ऐकण्यासाठी घरातल्या खोलीत साधारण ०.३ ते ०.५ सेकंद पुरेसे मानले जातात.

पातळ फोम का फसवतो?

सेबिन यांची पहिली मापे ५१२ कंपनांच्या एकाच स्वरावर होती. पुढे त्यांनी ६४ पासून ४,०९६ कंपनांपर्यंतचे सात स्वर घेऊन तेच काम पुन्हा केले आणि १९०६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून दिसले, की एकच वस्तू वेगवेगळ्या पट्ट्यांचे स्वर वेगवेगळ्या प्रमाणात गिळते. कापड, गालिचा, पातळ फेल्ट हे वरचे स्वर पटकन गिळतात, खालच्यांना हातही लावत नाहीत.

ऑनलाइन मिळणारा एक इंच जाडीचा पिरॅमिड फोम इथेच फसतो. साधा ठोकताळा असा, की सच्छिद्र वस्तू तिच्या जाडीच्या चौपट तरंगलांबीपर्यंत नीट काम करते. एक इंच म्हणजे अडीच सेंटिमीटर. त्याच्या चौपट दहा सेंटिमीटर. एवढी तरंगलांबी सुमारे ३,४०० कंपनांच्या स्वराची असते. त्याखाली फोमचा प्रभाव घटत जातो. १०० कंपनांच्या बेसची तरंगलांबी तर ३.४ मीटर, म्हणजे खोलीएवढी.

चारही भिंती पातळ फोमने मढवल्या, तर ट्रेबल मरतो आणि बेस घुमत राहतो. कर्कश खोलीची कोंदट, ढबढब करणारी खोली होते. टोचणे थांबते, पण गाण्यातला जीवही जातो.

शेवटची वर्षे कशी गेली?

सेबिन यांच्याकडे वास्तुविशारदांची रीघ लागली. ग्वास्ताविनो कंपनीबरोबर त्यांनी आवाज गिळणारी सच्छिद्र टाइल तयार केली. न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये ती बसवली गेली. छोट्या प्रतिकृतींमध्ये ध्वनिलहरी कशा पसरतात, याची छायाचित्रेही त्यांनी काढली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६-१७ मध्ये, ते पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात व्याख्याने द्यायला गेले. तिथे ते गंभीर आजारी पडले. बरे होतात न होतात तोच दोस्त राष्ट्रांच्या हवाई दलांसाठी तांत्रिक कामात गुंतले. अमेरिकेत परतल्यावर विमान उत्पादन खात्यातली जबाबदारी घेतली, हार्वर्डमधले शिकवणेही सोडले नाही. वॉशिंग्टन आणि बोस्टनदरम्यान त्यांच्या सतत फेऱ्या सुरू होत्या. दुखणे मूत्रपिंडाचे होते. उपचार मागे पडत गेले. युद्ध संपल्यावर शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. १० जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या ५० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इलिनॉयमधल्या जिनिव्हा गावी जॉर्ज फेबियन या धनिकाने खास त्यांच्यासाठी ध्वनिप्रयोगशाळा बांधली होती. ती १९१८ मध्ये उभी राहिली. ज्याच्यासाठी बांधली, त्याला तिथे काम करता आले नाही. त्यांचे नातलग पॉल सेबिन यांनी ती पुढे चालवली. त्यांचे विखुरलेले निबंध १९२२ मध्ये ग्रंथरूपाने आले. रात्री गाद्या वाहिल्या ती फॉगची जुनी इमारतही आज उरलेली नाही.

आपल्याकडे याचे काय दिसते?

घुमारा म्हणजे काय ते अनुभवायचे तर सोलापूरहून विजापूरला जावे. गोलघुमटाच्या सज्जात टाळी वाजवली, की दगड आणि चुना आवाज किती परत फेकतात ते कळते. उलट टोक पाहायचे तर मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीएचे टाटा थिएटर आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या या वास्तूचे आरेखन फिलिप जॉन्सन यांचे आणि ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. सतार किंवा तंबोऱ्यासारखे मृदू आवाजाचे वाद्यही श्रोत्यापर्यंत पोहोचावे, असा विचार त्यामागे होता.

तुमच्या खोलीचा हिशेब कसा मांडाल?

समजा हॉल ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे. घनफळ ३३.६ घनमीटर. जमीन, छत आणि भिंती मिळून सुमारे ६३ चौरस मीटर. सगळे कडक आणि रिकामे असेल, तर सरासरी शोषण ०.०३ धरू. एकूण १.९. सूत्रात घातले, की घुमारा जवळपास २.८ सेकंद.

आता सोफा, पडदे, गालिचा आणि दोन-तीन माणसे आली. शोषण ६ पर्यंत गेले, तर घुमारा ०.९ सेकंद. आपल्याला हवेत ०.४. त्यासाठी लागणारे शोषण साडेतेराच्या आसपास. म्हणजे अजून साडेसात चौरस मीटर उघड्या खिडकीएवढी भर हवी. चांगल्या जाड पॅनेलचे शोषण ०.९ धरले, तर सुमारे आठ चौरस मीटर पॅनेल. लहान खोलीत हे सूत्र ढोबळ उत्तर देते, पण खरेदीची यादी करण्याइतके ते पुरेसे आहे. दोन फूट बाय दोन फुटांचे चार तुकडे भिंतीला लावून फरक का पडत नाही, हे यातून लगेच दिसते. त्यांचे क्षेत्रफळ दीड चौरस मीटरसुद्धा भरत नाही.

कुठे लावायचे, तेही महत्त्वाचे. ऐकायच्या जागी बसा. दुसऱ्या माणसाला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुमच्याकडे येतो. पहिले पॅनेल तिथे. मग स्पीकर आणि तुमच्या मधल्या जमिनीवर गालिचा, काचेवर दुप्पट चुणीचा जाड पडदा. रॉकवूल किंवा ग्लासवूलचे दोन इंची पॅनेल कापडात गुंडाळून, भिंतीपासून दोन इंच सोडून टांगले, तर ते खालच्या स्वरांवरही काम करते. भरलेले पुस्तकांचे कपाट मागच्या भिंतीला ठेवले, तर आवाज विखुरतो.

कोणत्या चुका टाळाव्यात?

पहिली चूक म्हणजे शोषण आणि आवाजबंदी यांची गल्लत. न्हावा शेव्याच्या रस्त्यांवर कंटेनर ट्रेलर रात्रंदिवस धावतात. पॅनेल खोलीतला घुमारा कमी करते, ट्रेलरचा आवाज अडवत नाही. त्यासाठी खिडकीच्या फटी बंद करणे आणि जाड किंवा दुहेरी काच हाच मार्ग. सेबिन यांची उघडी खिडकी हिशेबात आदर्श आहे, पण बंदराच्या शेजारी राहणाऱ्याला ती परवडत नाही.

दुसरी, अंड्यांचे ट्रे. ते पातळ पुठ्ठ्याचे असतात, त्यांचा उपयोग नगण्य. तिसरी, आणि जिवावर बेतणारी, म्हणजे साधा पॅकिंगचा फोम. तो क्षणात पेटतो आणि विषारी धूर सोडतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये एका नाइट क्लबच्या भिंतींवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० जणांचा मृत्यू झाला. फोम घ्यायचाच असेल, तर अग्निरोधक असल्याचे प्रमाणपत्र मागून घ्या आणि तो वायरिंगपासून दूर ठेवा. चौथी चूक आपल्या हवेची. खाडीकाठच्या पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला चिकटवलेल्या कापडावर बुरशी धरते. पॅनेल टांगता आणि काढता येईल असेच करा.

खर्च करण्याआधी काय करावे?

सेबिन यांनी केले तेच. रात्री रस्ता शांत झाला, की खोलीच्या मध्यभागी जोरात एक टाळी वाजवा आणि मोबाइलवर ती रेकॉर्ड करा. घुमाऱ्याचा काळ मोजणारी अॅपही मिळतात. मग घरातल्या गाद्या आणि गोधड्या आणून आरशाने शोधलेल्या जागी उभ्या करा. पुन्हा टाळी, पुन्हा तेच गाणे, तेवढ्याच आवाजावर. गोधड्या एकेक करून वाढवा. कितव्या गोधडीला टोचणे थांबले आणि कितव्या गोधडीला गाणे निर्जीव झाले, ते लिहून ठेवा. या दोन आकड्यांच्या मधे तुमच्या खरेदीची यादी आहे.

कपडे मात्र दोन्ही वेळा तेच ठेवा. आणि सकाळी घरचे उठायच्या आत गाद्या जागेवर नेऊन ठेवा.